फिशर बेटावरचे ७१ शियरवॉटर: रक्ताच्या थेंबातून पक्ष्याचं वय

हातात धरलेला प्रौढ शियरवॉटर हा समुद्रपक्षी सहा वर्षांचा आहे की सव्वीस, हे त्याच्याकडे पाहून कोणीही सांगू शकत नाही. काळपट तपकिरी पिसारा तोच, चोच तीच, वजनही अर्ध्या किलोच्या आसपास तेवढंच. नर आणि मादीसुद्धा दिसायला सारखे. हा पक्षी तीस वर्षांहून जास्त जगू शकतो, पण पिल्लू म्हणून बीळ सोडून तो एकदा समुद्रावर गेला की वयाची खूण अंगावर उरत नाही. टास्मानियातल्या संशोधकांनी या पक्ष्याचं वय त्याच्या डीएनएवरून काढायचा प्रयत्न केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेला पहिला प्रयत्न फसला. २०१९ साली प्रसिद्ध झालेला दुसरा बऱ्यापैकी जमला, आणि निसर्गात मोकळ्या राहणाऱ्या पक्ष्याच्या डीएनएवर वाढत्या वयाचे असे बदल सापडतात हे त्यातून पहिल्यांदा दिसलं. अशा कामाबद्दल बोलताना सगळं लक्ष प्रयोगशाळेकडे जातं. पण या प्रकरणाचा पाया पक्ष्याच्या पायातल्या कड्यावर उभा आहे, आणि तो नीट पाहिल्याशिवाय पुढच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

पक्षी आणि बेट

आखूड शेपटीचा शियरवॉटर, शास्त्रीय नाव आर्डेना टेन्युइरोस्ट्रिस, ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात आणि मुख्यतः टास्मानियाच्या आसपासच्या बेटांवर जमिनीत बिळं करून अंडी घालतो. तिकडे त्याला मटनबर्ड म्हणतात, टास्मानियाचे मूलनिवासी त्याला योला म्हणतात. सप्टेंबरच्या अखेरीला थवे बेटांवर उतरतात, बिळं साफ होतात, जुन्या जोड्या पुन्हा जमतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळे परत समुद्रावर जातात आणि दोनेक आठवड्यांनी येऊन मादी एकच अंडं घालते. हे वेळापत्रक इतकं काटेकोर आहे की जवळपास सगळी अंडी २० नोव्हेंबर ते डिसेंबरचे पहिले एक-दोन दिवस एवढ्या अवधीत पडतात. साधारण ५३ दिवसांनी, जानेवारीत, पिल्लू बाहेर येतं. आई-बाप त्याला भरवून भरवून स्वतःपेक्षाही जड करतात आणि एप्रिलमध्ये त्याला बिळातच सोडून उत्तरेकडे निघून जातात. पिल्लू काही दिवस उपाशी राहतं, वजन उतरतं, पिसं पुरी होतात आणि मग तेही एकटंच निघतं. उत्तर प्रशांत महासागर, अलास्का, बेरिंग समुद्र असा हा प्रवास एका बाजूला पंधरा हजार किलोमीटरच्या घरात जातो.

यानंतरची काही वर्षं या पक्ष्याचा पत्ता नसतो. तरुण पक्षी समुद्रावरच राहतात, हळूहळू वसाहतीकडे फिरकू लागतात, आणि पहिलं अंडं बहुतेकांच्या बाबतीत पाच ते सात वर्षांच्या आसपास पडतं. हा आकडा लक्षात ठेवायला हवा, पुढे त्याचं काम आहे.

टास्मानिया आणि ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी यांच्यामधल्या बास सामुद्रधुनीत फ्लिंडर्स बेटाच्या दक्षिणेला फिशर बेट आहे. जेमतेम हेक्टरभर आकाराचं, ग्रॅनाइटचं. १९४७ साली डॉमिनिक सर्व्हेंटी या पक्षिशास्त्रज्ञाने इथल्या शियरवॉटरच्या पायात क्रमांकाची कडी घालायला सुरुवात केली. बेट लहान म्हणजे बिळं मोजकी, त्यामुळे प्रत्येक बिळात हात घालून आतल्या पक्ष्याचा क्रमांक दर हंगामात वाचणं शक्य होतं. सर्व्हेंटींनंतर इरिनेय स्किरा आणि इतरांनी हे काम चालू ठेवलं. कुठल्याही एका पक्षिजातीवर इतका दीर्घ आणि सलग अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झाला आहे. पक्षी किती वर्षं जगतो, पहिल्यांदा अंडं केव्हा घालतो, अनुभवाबरोबर त्याचं पिल्लू वाढवण्याचं यश कसं बदलतं, ही या जातीबद्दलची माहिती मोठ्या प्रमाणावर या एका इवल्या बेटाने दिली आहे.

पिल्लूपणी कडं घातलेला पक्षी जेव्हा कधी पुन्हा हातात येईल तेव्हा त्याचं वय वजाबाकीने कळतं. हे बिनचूक वय आहे, अंदाज नव्हे. पण असा एक पक्षी मिळवायला आधी शेकडो पिल्लांना कडी घालावी लागतात, कारण त्यातली बहुतेक समुद्रातच संपतात. शिवाय पंधरा वर्षांचा पक्षी हवा असेल तर पंधरा वर्षं थांबण्याला पर्याय नाही.

वय कशाला हवं?

एखाद्या वसाहतीत पक्षी किती आहेत हे मोजणं तुलनेने सोपं आहे. त्या संख्येच्या आत काय चाललंय, हे वयाशिवाय कळत नाही. दहा हजार जोड्यांची वसाहत दरवर्षी दहा हजारच दिसते, तेवढ्यात तिच्यात नव्या पक्ष्यांची भर थांबलेली असू शकते. दीर्घायुषी पक्ष्यांत म्हातारे पक्षी वर्षानुवर्षं येत राहतात, म्हणून संख्या टिकून असते. ती घसरायला लागते तेव्हा आधीच उशीर झालेला असतो.

योलाच्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी नाही. टास्मानियाचे मूलनिवासी पिढ्यान् पिढ्या या पक्ष्याची पिल्लं मांस, तेल आणि पिसांसाठी काढत आले आहेत. बास सामुद्रधुनीतल्या त्यांच्या जगण्याचा आणि ओळखीचा तो भाग आहे. पिल्लं जास्त काढली गेली तर त्याचा परिणाम अंडी घालणाऱ्या जोड्यांच्या संख्येत दिसायला पाच-सात वर्षं लागतात. दुसरीकडे २०१९ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या किनाऱ्यांवर हजारो शियरवॉटर उपासमारीने मेलेले सापडले. मेलेले पक्षी पहिल्या-दुसऱ्या वर्षातले होते की वर्षानुवर्षं पिल्लं वाढवणारे प्रौढ, यावर त्या घटनेची गंभीरता अवलंबून असते. निसर्गात कोवळे पक्षी असेही मोठ्या संख्येने मरतात. अनुभवी प्रौढ मेले तर ती तूट अनेक वर्षं भरून निघत नाही.

आधीच्या खुणा

पक्ष्याच्या वयाचा अंदाज शरीरावरून करणं हे पक्षिनिरीक्षकांना नवीन नाही. ठाणे खाडीत रोहित पाहायला जाणारा कोणीही गुलाबी थव्यातले करडे, मातकट पक्षी चटकन ओळखतो, ते लहान वयाचे असतात. मोठ्या कुरवांना पूर्ण प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात, आणि सरावलेला डोळा त्यांना पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या हिवाळ्याचा असं वर्गात बसवू शकतो. हातात पकडलेल्या छोट्या पक्ष्यांच्या बाबतीत डोक्यावरची पिसं फुंकरीने बाजूला करून कवटीचं हाड किती भरलंय ते पाहतात. जुनी आणि नवी पिसं पंखात कुठे भेटतात हेही बघतात. पक्ष्यांत गुदद्वाराजवळ फॅब्रिशियसची पिशवी असते, ती तारुण्यात आक्रसून जाते, तिचाही आधार घेतात.

या सगळ्या खुणांची मर्यादा एकच. पक्षी प्रौढ होईपर्यंतचं त्या सांगतात, पुढे गप्प बसतात. कुरवाचं चौथं वर्ष उलटलं की पाचवं आणि पंचविसावं सारखंच. शियरवॉटरमध्ये तर एवढीही सोय नाही, कारण बीळ सोडतानाच पिल्लाचा पिसारा प्रौढासारखा असतो.

कडं असलं आणि ते पिल्लूपणी घातलेलं नसलं, तर फक्त किमान वय कळतं. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरची विस्डम ही लेसन अल्बाट्रॉस मादी याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९५६ साली चँडलर रॉबिन्स यांनी तिला कडं घातलं तेव्हा ती घरट्यावर होती. ही जात पाच वर्षांच्या आत अंडी घालत नाही, म्हणून तिचा जन्म १९५१ किंवा त्याआधीचा धरतात. २००२ मध्ये रॉबिन्स यांनीच तिला पुन्हा पकडलं, आणि २०२४ च्या अखेरीलाही तिने अंडं घातलं. तरी तिचं खरं वय कोणालाच ठाऊक नाही. १९५१ हे साल तिच्या वयाचा फक्त तळ सांगतं, खरं वय त्याच्या वर काहीही असू शकतं.

मग संशोधक शरीराच्या आत शोधू लागले. त्वचेतल्या कोलॅजनमध्ये साखरेच्या अभिक्रियेतून पेंटोसिडीन नावाचा पदार्थ वयाबरोबर साचत जातो. पाणकावळ्यांसह काही जातींत वयाशी त्याचा संबंध दिसला. पण त्यासाठी त्वचेचा तुकडा कापावा लागतो. टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकाला असलेले डीएनएचे पट्टे, पेशीविभाजनाबरोबर आखूड होतात. त्यांच्याकडून मोठी आशा होती, पण त्यात दोन अडचणी निघाल्या. एकाच वयाच्या दोन पक्ष्यांतला लांबीचा फरक हा वयामुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. आणि शियरवॉटरच्याच गणातल्या लीचच्या स्टॉर्म पेट्रेलमध्ये टेलोमिअर वयाबरोबर आखूड होण्याऐवजी लांबलेले आढळले. समुद्रपक्ष्यांच्या वयासाठी त्या मापावर भिस्त ठेवावी असं यानंतर मला तरी वाटत नाही.

मिथिलेशन आणि उसना घेतलेला नकाशा

डीएनएच्या साखळीत सी हे अक्षर जी या अक्षराच्या अगोदर येतं त्या जागांना सीपीजी म्हणतात. तिथल्या सीवर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटलेला असू शकतो किंवा नसू शकतो, या चिकटण्याला मिथिलेशन म्हणतात. डीएनएच्या एका साखळीवर ही जागा हो किंवा नाही अशीच असते, पण रक्ताच्या नमुन्यात लाखो पेशी असतात, म्हणून मोजमाप टक्केवारीत येतं. काही जागांवर ही टक्केवारी वयाबरोबर वाढते, काहींवर घटते. २०१३ साली स्टीव्ह होर्वाथ यांनी माणसाच्या ३५३ सीपीजी जागा वापरून वय सांगणारं गणिती प्रारूप मांडलं. त्याची चूक साधारण साडेतीन वर्षांची होती, तीही शरीरातल्या अनेक प्रकारच्या ऊतींसाठी. अशा प्रारूपाला 'एपिजेनेटिक घड्याळ' हे नाव पडलं.

ऑस्ट्रेलियन अंटार्क्टिक विभागातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हीच कल्पना हंपबॅक देवमाशांवर वापरली. माणसात आणि उंदरात वयाशी जोडलेली जनुकं घेतली, देवमाशात तीच जागा शोधली आणि त्वचेच्या छोट्या नमुन्यावरून सुमारे तीन वर्षांच्या फरकाने वय काढता आलं. वयाच्या खुणा एका सस्तन प्राण्यातून दुसऱ्यात उसन्या घेता येतात हे यातून दिसलं.

साहजिकच पुढचा प्रश्न होता, पक्ष्यात घेता येतील का? याच वर्तुळातल्या संशोधकांनी आणि टास्मानिया विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी, रिकार्डो दे पाओली-इसेप्पी यांच्या पुढाकाराने, शियरवॉटर निवडला. निवड अचूक होती. पक्षी दीर्घायुषी, बाहेरून वय न कळणारा, आणि वय नक्की ठाऊक असलेले पक्षी हाताशी. शिवाय पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असतं, सस्तन प्राण्यांसारखं ते नाहीसं होत नाही. त्यामुळे रक्ताच्या एका थेंबात भरपूर डीएनए मिळतं आणि पक्ष्याला फार त्रास न देता काम होतं.

पहिल्या अभ्यासात त्यांनी पिल्लांपासून २१ वर्षांपर्यंतच्या पक्ष्यांचं रक्त आणि पिसं घेतली. डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया केली. या प्रक्रियेत मिथाइल नसलेला सी बदलतो आणि मिथाइल असलेला तसाच राहतो, त्यामुळे पुढे क्रम वाचताना दोन्ही वेगळे ओळखता येतात. सस्तन प्राण्यांत वयाशी जोडलेल्या जनुकांशी जुळणारे १३ भाग निवडले, त्यांतल्या ६७ सीपीजी जागा मोजल्या.

निकाल निराशाजनक आला. रक्तात सर्वांत ठळक संबंध केसीएनसी३ या जनुकातल्या जागांचा होता, आणि त्यातल्या उत्तम जागेनेही पक्ष्यापक्ष्यातल्या फरकाचा जेमतेम एक तृतीयांश भाग वयाशी जोडला. पिसांत ईएलओव्हीएल२ या जनुकातली जागा पुढे आली, तीही त्याहून कमजोर. माणसात हेच जनुक वयाची अतिशय भरवशाची खूण मानलं जातं. एकूण १३१ तुलना केल्या, त्यांतल्या १२ मध्ये पी-मूल्य, म्हणजे खरा संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका संबंध दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली आलं.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवं, कारण अशा अभ्यासांचं वाचन इथेच चुकतं. ०.०५ ची अट लावून १३१ वेळा तपासलं, तर कुठेही कसलाच संबंध नसतानाही साधारण सहा-सात तुलना केवळ योगायोगाने त्या अटीत बसतील. इथे १२ बसल्या. म्हणजे बारातल्या निम्म्याअधिक निव्वळ योगायोगाच्या असू शकतात, आणि कुठल्या खऱ्या, कुठल्या खोट्या हे त्याच आकडेवारीवरून सांगता येत नाही. संशोधकांनी या सगळ्या जागा एकत्र घेऊन वय सांगणारं प्रारूप बांधायचाही प्रयत्न केला. कामाचं प्रारूप उभं राहिलं नाही. सस्तन प्राण्यांतल्या खुणा या पक्ष्यात जशाच्या तशा टिकलेल्या दिसत नाहीत, असं त्यांनी शोधनिबंधात स्पष्ट लिहिलं.

न जमलेला प्रयोग असा आकड्यांसकट छापला जातो तेव्हा मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. तो छापला नसता तर दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या समुद्रपक्ष्यावर तोच खर्च आणि तीच वर्षं घातली असती. आणि या अपयशात एक ठोस माहितीही होती: पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या वाटा तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, देवमाशाला जे लागू पडलं ते इथे गृहीत धरता येणार नाही.

दुसरी वाट

दुसऱ्या अभ्यासात त्यांनी प्रश्नच उलटा केला. ठरावीक जनुकं घेऊन ती वयाबरोबर बदलतात का हे विचारण्याऐवजी, या पक्ष्याच्या अख्ख्या जनुकसंचात कुठल्या जागा वयाबरोबर बदलतात ते शोधायचं.

त्यासाठी 'ड्रीम' नावाची पद्धत वापरली. तिची युक्ती सुबक आहे. सीसीसीजीजीजी हा क्रम जिथे येतो तिथे डीएनए कापणारी दोन विकरं (एन्झाइम) आहेत. पहिलं, स्माआय, मिथाइल नसेल तरच कापतं. ते वापरून झालं की उरलेल्या, म्हणजे मिथाइल असलेल्या, जागा दुसरं विकर एक्समाआय कापतं. दोघांच्या कापण्याची तऱ्हा वेगळी असल्याने तुकड्यांची टोकंही वेगळी उरतात. मग तुकडे वाचायचे आणि प्रत्येक जागेवर कुठल्या टोकाचे किती निघाले ते मोजायचं. या मोजणीतून त्या जागेवरच्या मिथिलेशनची टक्केवारी येते. अशा हजारो जागा एकाच वेळी मोजता येतात, आणि कुठलं जनुक महत्त्वाचं असेल याचा अंदाज आधी बांधावा लागत नाही.

वय ठाऊक असलेल्या ७१ पक्ष्यांच्या रक्ताची अशी तपासणी झाली. हजारो जागांतून सात सीपीजी जागा अशा निघाल्या की ज्यांची पातळी वयाबरोबर बदलत होती. त्या सातांवर बांधलेल्या प्रारूपाने सांगितलेलं वय आणि खरं वय यांत सरासरी २.८ वर्षांचा फरक आला.

हजारो जागा आणि ७१ पक्षी या प्रमाणात मोठा धोका दडलेला असतो. मोजमापं पक्ष्यांपेक्षा कितीतरी जास्त असली की त्याच पक्ष्यांना अचूक बसेल असं एखादं सूत्र जवळजवळ नेहमीच सापडतं, आणि नव्या पक्ष्यावर ते कोसळतं. म्हणून या अभ्यासात पक्ष्यांचे पुन्हा पुन्हा वेगवेगळे दोन गट पाडले. एका गटावर प्रारूप बांधायचं, दुसऱ्या गटावर तपासायचं. २.८ हा आकडा तपासणीच्या गटांवरून आलेला आहे. मला त्याचं मोल यामुळेच वाटतं. मात्र सगळे पक्षी एकाच अभ्यासातले होते. दुसऱ्या ठिकाणच्या, वेगळ्या आहाराच्या आणि वेगळ्या हवामानाच्या पक्ष्यांवर हा आकडा तेवढाच राहील याची खात्री त्यातून मिळत नाही.

२.८ वर्षांचा अर्थ

सरासरी फरक २.८ म्हणजे प्रत्येक पक्ष्याचं वय २.८ वर्षांच्या आत सापडतं असं नव्हे. काहींचं वय अगदी जवळ येईल, काहींचं पाच-सहा वर्षांनी चुकेल. समजा, प्रारूपाने एका पक्ष्याचं वय १८ सांगितलं. हा पक्षी अनुभवी प्रौढ आहे हे निश्चित मानायला हरकत नाही. तीन सांगितलं तर तो बहुधा अजून वीण न केलेला तरुण आहे. पण सहा सांगितलं तर? पहिलं अंडं पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पडतं, आणि हा पक्षी प्रत्यक्षात तीन वर्षांचा किंवा नऊ वर्षांचाही असू शकतो. ज्या वयाच्या आसपास पक्ष्याच्या आयुष्यात सर्वांत मोठा बदल घडतो, नेमकं तिथे हे माप धूसर आहे.

एका पक्ष्याऐवजी शंभर पक्ष्यांचं रक्त घेतलं तर चित्र सुधारतं. वैयक्तिक चुका दोन्ही बाजूंना पडत असतील तर त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात, आणि एका वसाहतीचं सरासरी वय दुसरीपेक्षा जास्त आहे का, किंवा दहा वर्षांपूर्वीपेक्षा वाढलंय का, हे सांगता येतं. संवर्धनाच्या कामाला बहुतेक वेळा हेच उत्तर लागतं. तिथे मला या पद्धतीचा खरा उपयोग दिसतो. एका विशिष्ट पक्ष्याचं वय वर्षावर सांगायला ती पुरेशी नाही.

इथे आणखी एक सावधगिरी लागते. अशा प्रारूपांचा कल साधारणपणे मध्याकडे झुकतो: कोवळे पक्षी आहेत त्यापेक्षा थोडे मोठे दिसतात, म्हातारे थोडे लहान. २०१७ च्या अभ्यासातला सर्वांत मोठा पक्षी २१ वर्षांचा होता, आणि जात जगते तीस वर्षांहून अधिक. खूप म्हातारे पक्षी मुळातच थोडे, आणि प्रारूप जे वय कधी पाहतच नाही त्या वयाबद्दल त्याच्यावर विसंबता येत नाही. वसाहतीत नवी भर थांबली आहे का, हे ओळखायला नेमके हेच म्हातारे पक्षी महत्त्वाचे असतात.

अभ्यासातला मला सर्वांत आवडलेला भाग छोटा आहे. सात पक्ष्यांचं रक्त एक किंवा दोन वर्षांच्या अंतराने पुन्हा घेतलं होतं. सातपैकी सहांचं अंदाजित वय दुसऱ्या वेळी वाढलेलं निघालं. प्रारूप निव्वळ नाणेफेक करत असतं, तरी सातात सहा किंवा त्याहून जास्त वेळा वाढ दिसण्याची शक्यता साधारण सोळात एक असती. म्हणजे पुरावा भक्कम नाही, पण दिशा योग्य आहे. आणि सरासरी चूक २.८ वर्षांची असताना एक-दोन वर्षांतली वाढ दिसावी, यातून आणखी एक शक्यता पुढे येते. कदाचित बरीचशी चूक पक्ष्यागणिक ठरलेली असते: एखादा पक्षी कायमच खऱ्यापेक्षा थोडा म्हातारा दिसतो, दुसरा कायम थोडा तरुण. तसं असेल तर एकाच पक्ष्याला पुन्हा पुन्हा तपासल्यावर हे घड्याळ बरंच बारीक चालेल. आणि कोणते पक्षी कायम म्हातारे दिसतात, ते कमी जगतात का, त्यांची पिल्लं कमी टिकतात का, हे शोधणं वय काढण्याइतकंच मोलाचं ठरेल. सात पक्ष्यांवर याचं उत्तर मिळणार नाही, त्यासाठी कित्येक पटींनी जास्त पुनर्नमुने लागतील.

अलास्काच्या किनाऱ्यावर सापडलेल्या मृत पक्ष्यांचं वय या सात जागांवरून लगेच काढता येईल असंही समजू नये. प्रारूप जिवंत पक्ष्यांच्या रक्तावर बांधलेलं आहे. २०१७ च्या अभ्यासात रक्त आणि पिसं यांत वयाशी जुळणारी जनुकं वेगवेगळी निघाली होती. मिथिलेशन ऊतीनुसार बदलतं, म्हणून मृत पक्ष्याच्या स्नायूसाठी किंवा पिसासाठी वेगळी जुळणी करावी लागेल, आणि तीही वय ठाऊक असलेल्या पक्ष्यांवरच.

कड्याशिवाय घड्याळ लागत नाही

कडी घालणं खर्चिक आणि वेळखाऊ आहे, म्हणून रेणूंवरून वय काढण्याची पद्धत हवी, असा या संशोधनामागचा युक्तिवाद आहे. तो बरोबर आहे. पण त्यावरून कुणी असा निष्कर्ष काढला की आता कडी घालण्याचं काम बंद केलं तरी चालेल, तर त्याने हे प्रकरण उलटं वाचलं. ७१ पक्ष्यांचं खरं वय ठाऊक होतं म्हणूनच सात जागा सापडल्या. ते वय कोणीतरी वर्षानुवर्षं बिळात हात घालून, पिल्लांच्या पायात कडी चढवून मिळवलं होतं. मिथिलेशनचं माप स्वतःहून वय सांगत नाही, फक्त टक्केवारी सांगतं. ती टक्केवारी म्हणजे किती वर्षं, हे कड्यानेच शिकवलेलं आहे. आणि नव्या जातीसाठी हे शिक्षण पुन्हा पहिल्यापासून द्यावं लागतं, हे २०१७ च्या अपयशाने दाखवून दिलं आहे.

भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम १९२७ साली धार संस्थानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सुरू केलं. १९५९ पासून सालिम अलींच्या पुढाकाराने पक्षिस्थलांतराचा मोठा प्रकल्प झाला आणि हजारो पक्ष्यांना कडी घातली गेली. त्या कामाचा मुख्य प्रश्न पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात हा होता. स्थलांतरात जाळ्यात सापडलेला पक्षी प्रौढ असेल तर त्याचं वय कड्यानेही कळत नाही, विस्डमसारखा फक्त तळ मिळतो. वयाचं घड्याळ लावायला घरट्यातल्या पिल्लांना घातलेली कडी लागतात, तीही अशा ठिकाणी जिथे तेच पक्षी पुढे विणीला परत येतात आणि दरवर्षी कोणीतरी त्यांचे क्रमांक वाचतो. आपल्याकडे बगळे, करकोचे, चित्रबलाक यांच्या सारंगागारांत, म्हणजे झाडांवरच्या सामूहिक वसाहतींत, असं काम उभं राहू शकतं. तिथे प्रत्येक पिल्लाला कडं घालताना रक्ताचा एक थेंब शोषकागदावर घेऊन, कोरडा करून, क्रमांकासह जपून ठेवता येईल. मिथिलेशन मोजण्याचा खर्च आज परवडला नाही तरी हरकत नाही. डीएनए नीट ठेवलं तर टिकतं, पण पक्ष्याचं जन्मवर्ष मागे जाऊन मिळवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पकडण्याची आणि नमुना घेण्याची परवानगी लागते, ती घेताना कडं आणि रक्त या दोन्ही गोष्टींचा अर्ज एकत्रच करावा.

फिशर बेटाच्या बाबतीत पुढचं काम स्पष्ट दिसतं. हजारो जागा मोजणारी महाग पद्धत प्रत्येक नमुन्यासाठी वापरण्याची आता गरज नाही. त्या सात जागांपुरती स्वस्त चाचणी बनवायची, ती दुसऱ्या बेटांवरच्या वय ठाऊक असलेल्या पक्ष्यांवर तपासायची, आणि वीस वर्षांच्या पुढचे जितके पक्षी सापडतील तितक्यांचं रक्त त्यात घालायचं. दरम्यान, दर वर्षी पिल्लं बिळातून निघण्यापूर्वी त्यांच्या पायात कडी पडत राहायला हवीत. २०५० साली पंचवीस वर्षांचा पक्षी हवा असेल तर त्याच्या पायात कडं २०२५ च्या हंगामातच पडलेलं असायला हवं.